पोर्ट ऑफ स्पेनच्या पदपथावर

कॅरिबियन समुद्रातील बेटांवर उतरणाऱ्या प्रवाशांसाठी पर्यटनाचा जो एक प्रकार अलीकडच्या काळात रुजला आहे, त्याला मराठीत खाद्यफेरी म्हणता येईल. एखाद्या जाणत्या स्थानिक वाटाड्याच्या मागोमाग आठ-दहा जणांच्या गटाने शहराच्या जुन्या भागातून तीन-चार तास पायी हिंडायचे, ठरलेल्या पाच-सहा ठिकाणी थांबून थोडे थोडे खायचे आणि त्या त्या पदार्थामागची माणसे, पिके व इतिहास समजून घ्यायचा, असे तिचे स्वरूप असते. पोर्तो रिकोमधील जुने सान हुआन किंवा बहामाजमधील नासाऊ यांसारख्या शहरांत या फेऱ्या बहुतांशी क्रूझ जहाजांतून काही तासांपुरते किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात, म्हणून त्यांचे थांबेही पुष्कळदा पर्यटकांसाठीच मांडलेल्या उपाहारगृहांत असतात. त्रिनिदाद बेटावरील पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीची गोष्ट वेगळी आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाची अर्थव्यवस्था खनिज तेल व नैसर्गिक वायू यांवर उभी असल्यामुळे त्रिनिदादला शेजारच्या बेटांइतके पर्यटनावर विसंबून राहावे लागलेले नाही, आणि म्हणून तेथील पदपथावर जे शिजते ते कचेरीत निघालेल्या, शाळेची बस गाठणाऱ्या, बंदरात राबणाऱ्या स्थानिक माणसाच्या भुकेसाठी शिजते. पाहुण्याला त्याच रांगेत उभे राहावे लागते, आणि या फेरीचे मोल मुख्यतः त्या रांगेत आहे.

गाड्या उघड्यावर आणि पदार्थ डोळ्यांदेखत तयार होत असताना वाटाड्याची गरज काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर घड्याळात आहे. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बहुतेक पदार्थांना त्यांची वेळ आणि त्यांचा कोपरा ठरलेला असतो. डबल्स नावाचा चण्याचा पदार्थ भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा खायचा. बेक, म्हणजे नाव भट्टीचे असले तरी बहुधा कढईत तळलेला मैद्याचा पाव, न्याहारीला घ्यायचा. रोटीचे दुकान दुपारी गाठायचे. कॅलालू नावाची पालेभाजी रविवारच्या जेवणात. आणि मक्याच्या कणसांचे घट्ट सूप रात्रीची नाचगाणी आटोपून घरी परतताना. जी फेरी हे सारे पदार्थ वातानुकूलित दालनात एकाच टेबलावर भर दुपारी वाढते, ती चवी दाखवते खरी, परंतु हे अन्न कोणाचे आणि त्याला ते कोणत्या कामाआधी वा कामानंतर लागते, हे तिच्यातून कळत नाही. वेळ आणि कोपरा सांभाळणे हे चांगल्या वाटाड्याचे पहिले काम होय.

या अन्नाचा अर्थ लागण्यासाठी बेटावर माणसे कोणत्या क्रमाने आली ते थोडक्यात ठाऊक असावे लागते. १४९८ मध्ये कोलंबसाला हे बेट दिसले त्या वेळी तेथे कसावा, मका आणि मिरची पिकवणारे मूळनिवासी राहत होते. पुढे जवळजवळ तीन शतके बेट स्पेनच्या ताब्यात, पण विरळ वस्तीचे राहिले. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने कॅथलिक परदेशीयांना तेथे जमीन देऊ केली, तेव्हा आजूबाजूच्या बेटांवरील फ्रेंच मळेवाले आपल्या आफ्रिकी गुलामांसह आले. १७९७ मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि त्यानंतरची सक्तीची उमेदवारी १८३८ मध्ये. उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन पोहोचले, आणि १९१७ पर्यंत अशा मजुरांची संख्या सव्वा लाखाच्या पुढे गेली. करार, म्हणजे अॅग्रिमेंट, या शब्दावरून या मजुरांना गिरमिटिया हे नाव पडले. चिनी, मदीरा बेटावरील पोर्तुगीज आणि सीरिया-लेबनॉनमधील व्यापारी हे आणखी काही प्रवाह. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे जवळपास २३ टक्के नोंदले गेले.

पर्यटनाच्या पुस्तिका या इतिहासाला संस्कृतींचा आनंदी संगम म्हणतात. ते वर्णन अपुरे आहे, कारण आलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे एक तर साखळदंडात आली होती किंवा दुष्काळ, कर्ज आणि फसवणूक यांच्या रेट्याने आली होती, आणि त्यांच्या पानात काय पडावे हे पुष्कळ काळ मळेवाला ठरवत होता. गुलामांसाठी उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरून मिठात खारवलेला कॉड मासा पिंपे भरभरून येत असे, कारण ते सर्वांत स्वस्त प्रथिन होते. कंदमुळे त्यांनी मळ्याच्या कडेला मिळालेल्या तुकड्यात स्वतः पिकवावीत अशी अपेक्षा असे, आणि सुरण, रताळी, कसावा, अळकुड्या यांना आजही तेथे 'प्रोव्हिजन', म्हणजे शिधा, असेच म्हणतात. भारतीय मजुरांचा शिधा तांदूळ, डाळ, हळद, मीठ असा होता. हे मजूर बहुतेक आजच्या बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी भाषक होते. कोकणातून निघालेल्या गिरमिटियांची वाट मुंबई बंदरातून मॉरिशसकडे गेली. त्यामुळे त्रिनिदादच्या पानात थेट मराठी वारसा नाही, तरी मराठी वाचकाच्या ओळखीचे जिन्नस तेथे पावलोपावली भेटतात आणि त्यांच्याशी काय वेगळे घडले ते पाहणे मोठे उद्बोधक ठरते.

सकाळची फेरी डबल्सनेच सुरू व्हावी, याबद्दल दुमत होणार नाही. मोठी छत्री, तिच्याखाली टेबलवजा गाडी, गाडीवर कापडाने झाकलेली पेटी आणि वाफाळणाऱ्या चण्यांचे भांडे एवढाच या दुकानाचा पसारा असतो. पेटीत 'बारा' नावाच्या तळव्याएवढ्या चकत्यांची चळत असते. मैद्यात हळद, थोडे जिरे आणि यीस्ट घालून पीठ इतके सैल भिजवतात की ते लाटता येत नाही, तेलाच्या हाताने थापावे लागते. मग कडकडीत तेलात काही क्षण तळून काढलेल्या चकत्या कापडात दडपून ठेवल्या की स्वतःच्या वाफेने मऊ पडतात, आणि हा मऊपणा हीच त्यांची खूण आहे. विक्रेता डाव्या हातावर कागदाचा चौकोन घेतो, त्यावर दोन बारा एकमेकींवर किंचित चढवून ठेवतो, त्यांवर मसाल्यात शिजवून अर्धवट घोटलेले काबुली चणे ओततो आणि त्यावर चमच्याच्या टोकाने काकडीची कोशिंबीर, चिंचेची आंबटगोड चटणी, मोहरीच्या तेलात मुरवलेला कैरीचा मसालेदार कीस, म्हणजे कुचेला, आणि सर्वांत शेवटी मिरचीचा रस घालतो. घरी न्यायचे असेल तर कागदाची टोके धरून पुडीला हवेत एक गिरकी दिली की ती घट्ट बंद होते. तेथेच खाणारा मात्र बाराचा तुकडा तोडून त्यानेच चणे उचलत उभ्याउभ्या खातो, आणखी एक मागतो, आणि पुष्कळ ठिकाणी पैसे खाऊन झाल्यावर, आपण किती खाल्ले ते स्वतःच सांगून देतो.

विक्रेता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, तो तिखटाचा. 'स्लाइट' म्हणजे अगदी थोडे, 'मीडियम' म्हणजे मध्यम, आणि त्यापुढे ज्याची त्याची हिंमत. महाराष्ट्रातील माणसाने कोल्हापूरच्या किंवा वऱ्हाडाच्या जोरावर येथे धाडस करू नये, कारण या बेटावरील मिरच्या वेगळ्याच जातकुळीच्या, घंटीसारख्या फुगीर आणि सुवासिक असतात. बेटाच्या दक्षिणेकडील मोरुगा भागाचे नाव लाभलेली 'मोरुगा स्कॉर्पियन' ही मिरची २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाच्या मिरची संशोधन केंद्राने तपासली, तेव्हा तिचा सरासरी तिखटपणा स्कोव्हिल या मापाने १२ लाखांच्या वर भरला आणि ती त्या वेळी जगातील सर्वांत तिखट मिरची ठरली. गाडीवरचा रस त्या एकाच मिरचीचा असतो असे नाही, तरी 'स्लाइट' या शब्दापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

डबल्सच्या जन्माची नोंद उपलब्ध आहे, आणि रस्त्यावरच्या खाण्याच्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट म्हणावी लागेल. १९३६ च्या सुमारास दक्षिण त्रिनिदादमधील प्रिन्सेस टाउन या गावी मामूल दीन आणि त्यांची पत्नी रसूलन यांनी चणे विकायला सुरुवात केली. आधी तळलेले चणे कागदाच्या पुड्यांतून, मग शिजवलेले चणे एका बारावर घालून. गिऱ्हाइके दुसरा बारा मागू लागली आणि पदार्थाला त्याचे रूप व नाव मिळाले. साखरेच्या मळ्यांच्या परिसरातील एका कुटुंबाने सायकलवर पेटी बांधून सुरू केलेला हा धंदा आज देशातील सर्व वंशांच्या, सर्व थरांतील लोकांची न्याहारी झाला आहे; मंत्र्याची मोटार आणि मजुराची सायकल एकाच छत्रीजवळ थांबते.

मात्र या पदार्थात एक आर्थिक पेच दडलेला आहे, आणि जो वाटाड्या तोही समजावून सांगतो तो विशेष कौतुकास पात्र आहे. त्रिनिदादमध्ये गहू पिकत नाही. मैदा पोर्ट ऑफ स्पेनमधील गिरणीत दळला जातो, पण गहू जहाजाने येतो. काबुली चणेही आयात केलेले. म्हणजे देशाचा सर्वांत लाडका पदार्थ मुख्यतः परदेशी धान्याचा असून त्यातील मातीशी नाते सांगणारे घटक म्हणजे मिरची, काकडी आणि 'शॅडो बेनी' ही करवतीसारख्या कडांची लांब पाने. कोथिंबिरीसारख्या पण तिच्याहून उग्र वासाच्या या मूळ अमेरिकी वनस्पतीला भारतीय मजुरांनी 'बनधनिया' म्हटले आणि जवळजवळ प्रत्येक भाजीत घातले. मळ्यांची जमीन दोन-तीन शतके साखरेसाठी राबवली गेल्यामुळे बेटांनी स्वतःचे अन्न पिकवण्याची घडी कधी नीट बसलीच नाही. कॅरिबियन देशांच्या कॅरिकॉम या संघटनेने अन्नाची आयात २०२५ पर्यंत एक चतुर्थांशाने घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, ते पुढे २०३० पर्यंत लांबवावे लागले. पदपथावरील एका कागदी पुडीत हा सगळा व्यवहार हातात येतो.

बंदरालगतच्या इंडिपेंडन्स चौकात, जेथे मधल्या लांबट फरसबंदीला क्रिकेटपटू ब्रायन लाराचे नाव दिले आहे, तेथून फेरी बहुधा शार्लट रस्त्यावर वळते. चिनी दुकाने, कापडाचे ठेले आणि भाजीवाल्या यांनी भरलेला हा रस्ता सावकाश चालावा. येथे चिनी पद्धतीने लाल रंगात मुरवलेल्या कैऱ्या मिळतात. कैरी किंवा अननसाच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि शॅडो बेनी चोळून केलेला 'चाऊ' मिळतो. आणि नाताळच्या सुमारास लाल अंबाडीच्या बोंडांचे ढीग लागतात, ज्यांना तेथे 'सॉरेल' म्हणतात. दालचिनी, लवंग व साखर घालून उकळलेले या बोंडांचे गडद लाल पेय हा नाताळाचा अविभाज्य भाग आहे.

परंतु मराठी डोळा या रस्त्यावर सर्वांत आधी थांबेल तो अळूच्या जुड्यांपाशी. तेथे या वनस्पतीला 'डॅशीन' म्हणतात. मूळची आशियातील ही वनस्पती गुलामांच्या तुकड्यांमध्ये कंदासाठी लावली गेली, आणि तिच्या पानांचे दोन वंशांनी दोन वेगळे पदार्थ केले. आफ्रिकी स्वयंपाकात ती पाने भेंडी, नारळाचे दूध, लाल भोपळा, कांदा, मिरची आणि पुष्कळदा खेकडा यांच्यासह मऊ शिजवून घोटली जातात व गडद हिरवे, बुळबुळीत, दाट कॅलालू तयार होते. भेंडी आफ्रिकेतून आलेली, नारळ समुद्राकाठचा, खेकडा खारफुटीतला. भारतीय घरांत त्याच पानांवर डाळीच्या पिठाचे मसालेदार मिश्रण फासून, एकावर एक थर रचून, गुंडाळी कापून तळतात आणि तिला 'सहीना' म्हणतात. गाडीवर ती मधोमध चिरून आत चटणी भरून देतात. फदफदे आणि अळूवडी अशी दोन्ही रूपे एकाच स्वयंपाकघरात नांदत आलेल्या मराठी माणसाला हे पाहून नवल वाटेल, कारण जे आपल्याकडे एका घरातील दोन भांडी आहेत, ती तेथे दोन वेगवेगळ्या विस्थापनांची फळे आहेत. आज मात्र भारतीय वंशाच्या घरी रविवारी कॅलालू शिजते आणि सहीनाच्या गाडीपुढे आफ्रिकी वंशाची माणसे तितक्याच हक्काने उभी असतात. चांगली फेरी हे दोन्ही पदार्थ एकामागोमाग चाखायला देते, आणि तसे नसल्यास पाहुण्याने ते मागून घ्यावेत.

शार्लट रस्त्याला समांतर जाणारा फ्रेडरिक रस्ता शहराच्या व्यापारी भागातून उत्तरेकडे थेट क्वीन्स पार्क सव्हाना या प्रचंड मैदानाशी नेऊन सोडतो. सुमारे २६० एकरांचे हे मैदान पूर्वी साखरेचा मळा होते. १८१७ मध्ये गव्हर्नर राल्फ वुडफोर्ड याच्या काळात ते शहरासाठी घेतले गेले. त्याच्या कडेने शहाळेवाले उभे असतात, संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात, आणि कार्निव्हलच्या दिवसांत, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीच्या सोमवारी व मंगळवारी, येथेच साऱ्या देशाचा उत्सव भरतो. सकाळच्या फेरीत येथे शहाळे पिऊन सावलीत बसावे, एवढेच पुरे.

काही फेऱ्या या टप्प्यावर एखाद्या चॉकलेट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात नेतात, आणि तेथे घालवलेला वेळ सार्थकी लागतो. जगभरातील कोकोच्या वर्गीकरणात 'त्रिनितारिओ' ही जी जात सांगितली जाते, तिचे नाव या बेटावरून पडले आहे. १७२७ मध्ये येथील क्रियोलो या नाजूक, सुवासिक जातीच्या कोको बागा एका अरिष्टात नष्ट झाल्या. सुमारे तीस वर्षांनी मुख्य भूमीवरून फोरास्तेरो ही काटक जात आणून लावली गेली, उरल्यासुरल्या क्रियोलो झाडांशी तिचा संकर झाला, आणि सुवास व काटकपणा दोन्ही असलेली नवी जात निपजली. विसाव्या शतकाच्या आरंभी कोको हे बेटाचे मोठे निर्यात पीक होते. पुढे भाव कोसळले, १९२८ मध्ये 'विचेस ब्रूम' हा बुरशीजन्य रोग बेटावर आढळला, आणि बागा ओस पडत गेल्या. ज्या देशाने जगाला ही जात दिली तेथे चॉकलेट मात्र बहुतेक बाहेरून येत राहिले. स्वतःच्या बिया स्वतःच्या भट्टीत भाजून वड्या पाडणारे छोटे उद्योजक अलीकडेच उभे राहिले आहेत. घरोघरी मात्र 'कोको टी' ही जुनी रीत टिकून आहे: भाजून वाटलेल्या कोकोचा मसाला घातलेला गोळा किसून पाण्यात व दुधात उकळायचा. वर तरंगणारा तुपकट तवंग हा तिच्या अस्सलपणाचा पुरावा मानतात.

सव्हानाच्या नैऋत्येला वुडब्रुक ही वस्ती लागते. योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा या गावी वनस्पतींचा एक कडू अर्क औषध म्हणून तयार केला. त्याच्या मुलांनी १८७५ मध्ये तो उद्योग पोर्ट ऑफ स्पेनला हलवला, आणि बाटलीपेक्षा मोठी चिठ्ठी अंगावर वागवणारा 'अंगोस्तुरा बिटर्स' आजही येथेच तयार होऊन जगभर जातो. सीगर्ट घराण्याने वुडब्रुकचा मळा विकत घेऊन तेथे वस्ती आखली, म्हणून कार्लोस, लुईस, आल्फ्रेदो अशी त्या घरातील माणसांची नावे तेथील रस्त्यांना मिळाली. लिंबाच्या सरबतात या अर्काचे चार थेंब टाकून पाहावेत. मद्य न घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की मूळ अर्कात मद्यार्क असतो.

याच भागात क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचे मैदान आहे, आणि येथे मराठी माणसाचे पाऊल आपोआप अडते. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिजविरुद्धचा पहिलावहिला कसोटी विजय याच मैदानावर मिळवला. दिलीप सरदेसाईंचे शतक आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांच्या दोन अर्धशतकी खेळी त्यात होत्या. त्याच दौऱ्यातील अखेरच्या कसोटीत गावसकरांनी येथे १२४ आणि २२० धावा काढल्या, तेव्हा लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचली. कॅलिप्सो म्हणजे ताज्या घटनांवर भाष्य करणारे त्रिनिदादी लोकगीत. सामन्याला जाताना घरून भांडेभर नेला जाणारा पदार्थ म्हणजे पेलाव. तेलात साखर जवळजवळ काळपट होईपर्यंत जाळून त्यात कोंबडीचे तुकडे परतायचे, मग तांदूळ, नारळाचे दूध आणि हिरव्या तुरीचे दाणे घालून एकत्र शिजवायचे. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांना तुरीचे सोले म्हणतात तेच हे दाणे. जळक्या साखरेमुळे भाताला तांबूस रंग येतो, गोडवा मात्र नावालाच राहतो.

ओव्हलच्या पुढे पश्चिमेकडे गेले की सेंट जेम्स येते. येथील 'पेरू' नावाच्या साखरमळ्यावर गिरमिटिया मजूर राबत असत, आणि मळ्याची वस्ती झाली तेव्हा गल्ल्यांना कलकत्ता, बनारस, लखनौ, दिल्ली, मद्रास, मुंबई अशी नावे मिळाली. येथल्याच नेपॉल रस्त्यावर लेखक व्ही. एस. नायपॉल यांचे घर जतन केलेले आहे. मोहरमच्या काळात निघणारी ताजियांची मिरवणूक, जिला येथे 'होसे' म्हणतात, सर्व धर्मांच्या लोकांच्या हातांनी सजते. दुपारच्या जेवणासाठी फेरी येथील रोटीच्या दुकानात थांबावी, कारण या वस्तीत रोटी खाणे म्हणजे तिच्या इतिहासाच्या अंगणात बसणे होय.

रोटीचे मुख्य प्रकार तीन. 'सादा' म्हणजे नुसती जाड रोटी, जी सकाळी भाजलेल्या वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या 'चोख्या'बरोबर, वर लसणाची कडकडीत फोडणी ओतून खातात. 'डालपुरी'मध्ये पिवळ्या वाटाण्याची डाळ बोटचेपी शिजवून, कोरडी वाटून, जिरेपूड घालून पिठाच्या गोळ्यात भरतात आणि ती पातळ लाटून मोठ्या तव्यावर भाजतात. भोजपुरी प्रदेशात ती सणासुदीची, लग्नकार्याची गोष्ट होती, तर त्रिनिदादमध्ये तिच्यात रस्साभाजी गुंडाळून कामावरच्या माणसाचे एका हातात मावणारे जेवण झाले. तिसरा प्रकार 'बस अप शट'. थर धरलेला पराठा तव्यावर असतानाच 'डबला' नावाच्या लाकडी उलथन्यांनी दोन्ही बाजूंनी बडवून त्याच्या चिंध्या करतात, आणि फाटक्या सदऱ्याचे हे स्थानिक उच्चारातील नाव त्याला त्यावरूनच पडले. दुकानाच्या काउंटरमागे हे काम पाहता आले तर अवश्य पाहावे: तव्यावर तेलाचा हात फिरतो, पराठा फुगतो, दोन डबल्यांमध्ये तो उचलून आपटला जातो, आणि काही क्षणांत त्याचे मऊ, तुपकट पदर सुटे होतात. सोबत मिळणाऱ्या भाज्यांत चणा-बटाटा, 'बोडी' म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, आणि साखर व लसूण घालून गळेपर्यंत शिजवलेला लाल भोपळा असतो.

शाकाहारी मराठी प्रवाशाला म्हणूनच हे शहर कॅरिबियनमधील पुष्कळ शहरांपेक्षा सोयीचे आहे. डबल्स, सहीना, डाळीच्या पिठाचे गोळे तळून केलेली फुलौरी, डालपुरी व भाज्या हे सारे सहसा निर्धोक. रास्ताफारी पंथीयांच्या 'इटल' नावाच्या स्वयंपाकात मांस नसतेच. सावध राहावे ते कॅलालूबाबत, कारण त्यात खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस बेमालूम मिसळलेले असू शकते, आणि 'मॅकरोनी पाय' या भाजलेल्या पदार्थाबाबत, कारण त्यात अंडे असते. मांस, मासा, अंडे यांपैकी काय चालत नाही ते नाव नोंदवतानाच स्पष्ट कळवावे. 'व्हेजिटेरियन' हा एक शब्द पुरेसा ठरत नाही. शुल्कात सर्व थांब्यांवरचे खाणे धरलेले आहे का, विक्रेत्यांना त्या खाण्याचा पूर्ण मोबदला मिळतो का, आणि वाटाड्या त्याच वस्त्यांमधला आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारण्यात काही गैर नाही. ज्यांच्या हातचे खाण्यासाठी माणसे इतक्या लांबून येतात, त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचणे हा या व्यवहारातील किमान न्याय आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा टाळून चालणार नाही. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस देशात आणीबाणी पुकारावी लागली होती, आणि राजधानीच्या काही वस्त्यांत अनोळखी माणसाने एकट्याने हिंडू नये असा सल्ला स्थानिक लोकच देतात. वाटाड्याचे मोल येथे पुन्हा दिसते: कोणता रस्ता कोणत्या वेळी भरलेला व निर्धास्त असतो, कोठून मोटारीने पुढे जावे, हे त्याला रोजच्या वावराने ठाऊक असते. जानेवारी ते मे हे कोरडे महिने चालण्यास बरे. जूननंतर दुपारच्या सरी गृहीत धराव्यात. उन्हात पाच-सहा किलोमीटर चालायचे असल्याने पहिल्याच थांब्यावर पोट भरू नये, आणि गाड्यांवर देण्यासाठी त्रिनिदादी डॉलरच्या छोट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

ज्यांच्यापाशी आणखी एक दिवस असेल त्यांनी राजधानीबाहेर दक्षिणेकडे डेबे या गावी जावे. साखरमळ्यांच्या जुन्या पट्ट्यातील या गावात मुख्य रस्त्याच्या कडेला खाण्याची दुकाने एकामागोमाग एक लागली आहेत. तेथे सहीना, फुलौरी, वांग्याच्या कापांची 'बैगनी', बटाटा भरलेला 'आलू पाय' आणि डबल्स दिवसभर तळले जातात, दक्षिणेतील कुटुंबे मोटारी थांबवून पिशव्या भरून नेतात, आणि प्रिन्सेस टाउन तेथून फार दूर नाही.